आई तुला विचारत होती

सिंगापुरात राहणाऱ्या कुणा मराठी माणसाच्या घरी भारतात काही बरंवाईट झालं, की पहिला फोन त्या माणसाला जात नसे. तो प्रणिता देवस्थळींना जाई. पलीकडून कुणाचा तरी काका नाहीतर वहिनी घसा खाकरून म्हणे, "ताई, तुमचा नंबर मंडळातून मिळाला. आमच्या राजसचे वडील सकाळी गेले हो. पोरगा तिकडे एकटाच असतो. तुम्ही जरा सांगाल का त्याला?"

प्रणिताताई सांगत. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. फोनवर सांगायचं नाही. माणूस ऑफिसात असेल तर ऑफिस सुटेपर्यंत थांबायचं. घरी डबा घेऊन जायचं, आधी दोन घास पोटात जाऊ द्यायचे आणि मग "बाबांचं जरा जास्त आहे, निघावं लागेल" एवढंच बोलायचं. तिकीट काढून द्यायचं, बॅग भरायला मदत करायची, चांगी विमानतळावर सोडून यायचं. खरं काय ते तिकडे उतरल्यावर घरचे सांगतील. "रडत प्रवास करण्यापेक्षा काळजीत केलेला बरा," असं त्या म्हणत. सतरा-अठरा घरांना त्यांनी अशा वेळी सावरलं होतं आणि कुणी कधी तक्रार केली नव्हती. लोक त्यांच्या पाया पडत.

प्रणिता मूळची साताऱ्याची. वडील गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ रोहन नऊचा. त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिचीच सही असे. लग्न झालं, नवरा प्रबोध सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत लागला, तशी तीही आली. बी.कॉम. होतीच; रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कागदपत्रांच्या छाननीचं काम मिळालं आणि तिथेच ती पंचावन्न वर्षांची झाली. बुकित बातोकचा फ्लॅट, सिंगापूरचा लाल पासपोर्ट, बाल्कनीत कढीपत्ता. पुढे रोहनलाही तिनेच इकडे आणलं. तो वुडलँड्सला भाड्याने राहायचा, दर रविवारी ताईकडे जेवायला यायचा.

हे येणंजाणं २०२१ पर्यंत.

त्या वर्षी एप्रिलअखेर पुण्यात त्यांच्या आईला करोना झाला. मामेभाऊ अनीश तिकडे होता; त्याने दिवसभर धावाधाव करून तिला खाट मिळवून दिली. रोहन तेव्हा नोकरीच्या पासवर, म्हणजे तात्पुरत्या परवान्यावर. भारतातून पासवाल्यांना परत येता येत नव्हतं. गेला असता तर अडकला असता, आणि त्याची बायको चैत्राली आठव्या महिन्यात होती. प्रणिताला जाता येत होतं, पण तिकीट मिळालं ते पाचव्या दिवसाचं. तिने हिशेबी डोक्याने विचार केला. रोहनला कळलं तर तो थांबणार नाही. गेला तर बाळंतपणाला नसणार. म्हणून तिने त्याला सांगितलं, "आईला थोडा ताप आहे. अनीशने त्याच्या घरी नेलंय. तिचा फोन बिघडलाय." आणि अनीशला बजावलं, "रोहनला काही कळवू नकोस. मी बघते."

आई चौथ्या दिवशी गेली. अंत्यसंस्कार तिकडच्या तिकडे झाले. दुसऱ्या संध्याकाळी प्रणिता डबा घेऊन वुडलँड्सला गेली. मटकीची उसळ, पोळ्या, ताक. रोहन पोटभर जेवला. तिने ताटं उचलली, पुसून घेतलं आणि मग त्याला सांगितलं.

त्याने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "मी जेवत होतो तेव्हा तुला माहीत होतं?"

भांडण झालं असतं तर कदाचित मिटलंही असतं. पण रोहन भांडला नाही. तो शहाण्यासारखा वागू लागला. इरा झाली तेव्हा रीतसर फोटो पाठवला. दिवाळीला ताईने फराळाचा डबा पाठवला की चार दिवसांनी डबा घासूनपुसून परत येई. रिकामा देऊ नये म्हणून त्यात दुकानातल्या बिस्किटांचा पुडा. भाऊबीजेला "कामात आहे, ताई." रविवारी "इराचा क्लास आहे, ताई." चार वर्षांत त्याने बुकित बातोकच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

आणि ज्यावरून तो रागावला होता तेवढंच घडलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती. ती प्रणिताने प्रबोधलासुद्धा सांगितली नव्हती.

*

गेल्या वर्षी कम्युनिटी सेंटरच्या योगवर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एक साधना दिली. हवाई बेटांवरची फार जुनी क्षमेची रीत आहे म्हणाल्या, तिचं नाव होओपोनोपोनो. ज्याच्याशी बिनसलं आहे त्याला मनात आणायचं आणि चार वाक्यं म्हणायची. मला वाईट वाटतं. मला क्षमा कर. तुझे आभार. माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या माणसाला भेटायची गरज नाही. आपण आतून स्वच्छ झालो की पलीकडचाही होतो.

प्रणिताला हे एकदम पटलं. नाम घेतल्याने पाप जातं हे तिच्या हाडीमाशी होतंच. तिने बोटात घालायचं मोजणीचं यंत्र विकत आणलं आणि बुकित बातोक ते रॅफल्स प्लेस, रोज सकाळी एमआरटी ट्रेनमध्ये उभ्याने, एकशे आठ वेळा ती चार वाक्यं रोहनच्या नावाने म्हणू लागली.

प्रबोधने एकदा तिला घरी पुटपुटताना ऐकलं.

"हे शेवटचं वाक्य रोहनला ऐकवू नकोस बाई. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणालीस तर तो ॲम्ब्युलन्स बोलावील. आपल्यात भावाला असं कोण म्हणतं?"

"हवाईत म्हणत असतील."

"बत्तीस वर्षांत नवऱ्याला नाही ऐकवलंस ते."

"ऐकवण्यासारखं तुम्ही काही केलं असतंत तर ऐकवलं असतं. चहा हवाय का?"

चाळीस दिवस झाले. चाळिसाव्या दिवशी, जुराँग ईस्टला गाडी बदलताना, तिला खरोखरच हलकं वाटलं. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवल्यासारखं. त्याच भरात तिने चैत्रालीला फोन लावला. चैत्रालीशी तिचं बोलणं होतं. मधला पूल तीच होती.

"चैत्राली, मी रोहनची माफी मागून मोकळी झाले गं," आणि तिने साधनेचं सगळं सांगितलं.

चैत्राली म्हणाली, "ताई, मीच फोन करणार होते. रोहनला मेलबर्नला नोकरी मिळालीय. महिनाअखेरीला निघतोय आम्ही."

त्या संध्याकाळी रोहनचा फोन आला. चार वर्षांत त्याने आपणहून केलेला पहिला.

"ताई, चैत्राली म्हणते तू माझी माफी मागितलीस."

"हो रे. चाळीस दिवस. रोज एकशे आठ वेळा."

"मग मी दिली का?"

प्रणिताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे मागितलीस तू, दिलीसही तूच," रोहन म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आणि मला कळलं सगळं उरकल्यावर. आईच्या वेळी केलंस तेच."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या. प्रबोधने येऊन गॅस बंद केला.

*

दोन ब्लॉक सोडून विवेककाका राहत. वय सत्त्याहत्तर, बायको गेलेली, मुलगा कॅनडात. त्यांची उमेदीची चौदा वर्षं हवाईतल्या होनोलुलूच्या एका गोदीत बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली होती. प्रणिता त्यांच्याकडे गेली ती खरं तर तक्रार करायला: तुमच्या हवाईचं औषध मला लागू पडलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोहन कुठे होता?"

"कधी?"

"तू हे करत होतीस तेव्हा."

"तो त्याच्या घरी. मी ट्रेनमध्ये."

"मग ते होओपोनोपोनो नव्हे. चांगलं असेल, मनाला शांती देत असेल, मी नाव ठेवत नाही. पण आमच्या शेजारची म्हातारी जे करायची ते वेगळं. पोनो म्हणजे नीट, जागच्या जागी. विस्कटलेलं नीट करायचं. ते एकट्याने कसं होईल? गाठ दोन दोऱ्यांची असते."

मग त्यांनी सांगितलं. शेजारच्या कुटुंबात दोन भावांचं बोटीवरून वाकडं आलं होतं. बोट काकांनी दुरुस्त केली होती आणि ते कुणाला तरी काहीतरी बोलून गेले होते, म्हणून म्हाताऱ्या आजीने त्यांनाही बोलावलं. सगळं घर एका खोलीत. आधी प्रार्थना. मग एकेकाने बोलायचं, पण एकमेकांशी नाही, फक्त आजीशी. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. कुणाचा पारा चढला की आजी हात वर करी आणि सगळ्यांनी गप्प बसायचं, कधी कधी तासभर. कांद्याच्या पाकळ्या काढाव्यात तसं एकेक सोलत जायचं. वरचं भांडण सहसा खरं नसतंच. तळाशी पोचलं की ज्याने दुखावलं त्याने तोंडाने मागायचं, आणि ज्याला दुखलं त्याने तोंडाने सोडायचं. दोघांनीही. एकदा सोडलं की ती गोष्ट पुन्हा आयुष्यात काढायची नाही. मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

"एका बैठकीत झालं?"

"तीन लागल्या."

"काका, तुम्ही आमच्यासाठी करा ना ते."

काका हसले. "दशग्रंथी ब्राह्मणाशेजारी एकदा जेवलो म्हणून मला वेद येत नाहीत. ते त्या लोकांचं आहे, त्यांच्या देवांसकट. मी फक्त म्हातारा म्हणून बसेन. त्याला त्यांच्या रीतीचं नाव लावू नकोस. पण एक आत्ताच विचारतो. तळाशी काय आहे ते तुला ठाऊक आहे ना?"

प्रणिता खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं.

"आहे," ती म्हणाली.

"ते सांगणार असशील तर बोलावतो त्याला. नसशील तर त्याला सुखाने जाऊ दे. दोन चांगले शब्द बोलून विमानतळावर निरोप दे. तेही काही वाईट नाही."

तिला दोन रस्ते अगदी स्पष्ट दिसत होते. गप्प राहिली तर रोहन थोडासा रागावलेला, पण तिचा भाऊ म्हणून मेलबर्नला जाईल. वर्षाकाठी फोटो येतील. सांगितलं तर कदाचित तेही यायचे नाहीत. दुसऱ्यांना जे कळू नये असं तिला वाटे ते तिने आयुष्यभर कळू दिलं नव्हतं, आणि त्यात तिला पुण्य वाटत आलं होतं. आता पहिल्यांदा तिला त्यात आपलीच सोय दिसली.

"बोलवा," ती म्हणाली.

*

पहिली बैठक रविवारी सकाळी दहाला, काकांच्या फ्लॅटमध्ये. रोहन येईल की नाही याची खात्री नव्हती, पण काकांनी स्वतः फोन केला होता आणि म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो आला, चैत्राली आणि चार वर्षांची इरा सोबत. इराला आतल्या खोलीत कागद आणि खडू देऊन बसवलं. प्रबोध कोपऱ्यात बसला. गणपतीचं अथर्वशीर्ष सगळ्यांना येत होतं, ते म्हणून झालं. काकांनी नियम सांगितले.

"माझ्याकडे बघून बोलायचं. एकमेकांकडे नाही. कुणी कुणाला मध्ये तोडायचं नाही. रोहन, तू सुरू कर."

रोहनने सुरू केलं आणि चार वर्षांचं सगळं आलं. ताटं उचलल्यावर सांगितलं ते. आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवत नाही, कारण तो शेवटचा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. "काका, मी चाळिशीतला माणूस होतो. हिने मला नऊ वर्षांचा ठेवला."

"मी तुझ्या भल्यासाठी..." प्रणिताच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी हात वर केला. सगळे गप्प बसले. भिंतीवरच्या पंख्याची घरघर, खाली लिफ्ट थांबल्याचा आवाज. दहा मिनिटं गेली असतील. आतून इरा दारात आली आणि बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, व्हाय एव्हरीबडी सो क्वायट? गो होम कॅन ऑर नॉट?"

"नॉट येट, इरा. गो अँड ड्रॉ, लाह," रोहन म्हणाला. प्रबोधला हसू आवरेना. त्याने खोकल्याचं सोंग केलं. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की खोकलाही थांबला.

"प्रणिता," काका म्हणाले. "आता तू. भल्याचं वगळून."

ती काकांकडे बघून बोलू लागली. शब्द तिने कितीतरी दिवस जुळवून ठेवले होते, पण आले ते वेगळेच.

"तिसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. नर्सने आईसमोर फोन धरला होता. आईच्या तोंडावर मास्क. तिने मला ओळखलं. मग म्हणाली, रोहन कुठंय, त्याला दाखव. मी त्याला जोडू शकले असते, काका. एक बटण दाबायचं होतं. पण जोडलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. मी म्हणाले, तो मीटिंगमध्ये आहे."

रोहनने मान वर केली. तो आता काकांकडे बघत नव्हता.

"आई म्हणाली, बरं, मीटिंग संपेपर्यंत थांबते. नर्सला म्हणाली, ठेवू नका, तो येतोय. नर्सने फोन तसाच धरला. पाच मिनिटं, सहा मिनिटं. आई फोनकडे बघत होती. मीही बघत होते. मग नर्स म्हणाली, मॅडम, दुसरे पेशंट आहेत. दुसऱ्या दिवशी ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. आई तुला विचारत होती, रोहन. तू आला नाहीस असं समजून ती गेली. ते माझ्यामुळे."

नियम मोडून तिने त्याच्याकडे बघितलं होतं, पण काकांनी हात वर केला नाही. प्रबोध बायकोकडे पाहत होता. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्याला हे ठाऊक नव्हतं.

रोहन उठला. चपला घातल्या आणि बाहेर गेला. चैत्राली अर्धवट उठली, पुन्हा बसली. वीस मिनिटांनी तो परत आला, पण बसला नाही.

"काका, आज माझ्याकडून काही होणार नाही."

"आज व्हायला पाहिजे असं नाही," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी ये. तोवर कुणी कुणाशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. फोन नाही, मेसेज नाही. नवराबायकोतही नाही."

तो आठवडा प्रणिताने कसा काढला तिचं तिला माहीत. बँकेत एक फाइल तिने दोनदा तपासली आणि तिसऱ्यांदा उघडली. ट्रेनमध्ये बोटातलं यंत्र नव्हतं, हाताला चाळा नव्हता. प्रबोध रोज संध्याकाळी काही न विचारता तिच्या शेजारी बसे. मंगळवारी त्याने स्वतः पिठलं केलं आणि ते खारट झालं. दोघांनी मुकाट्याने खाल्लं. रोहन येणारच नाही, अशी तिने मनाची तयारी केली. आला नाही तर त्याला तसा हक्क आहे, हेही तिने स्वतःला सांगून पाहिलं.

*

तो आला. दहाला पाच मिनिटं कमी असताना. झोप झालेली दिसत नव्हती. प्रार्थना झाल्यावर काकांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि समोर ठेवला. चालू केला नाही, नुसता ठेवला.

"मलाही एक सांगायचंय," तो काकांना म्हणाला. "चैत्रालीलाही माहीत नाही. ज्या दिवशी आईला ॲडमिट केलं, त्या संध्याकाळी अनीशचा मेसेज आला होता. ‘आत्याला खाट मिळाली, ऑक्सिजन लावलाय, काळजी करू नकोस.’ मी वाचला. दोन मिनिटांनी तो पुसला गेला. ताईने त्याला सांगितलं असणार. पण मी वाचला होता."

चैत्रालीने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मग ताईचा फोन आला. थोडा ताप आहे म्हणाली. मी म्हणालो, बरं." त्याने हाताच्या तळव्याने डोळे चोळले. "मी अनीशला उलटा फोन करू शकलो असतो. हॉस्पिटलचं नाव विचारू शकलो असतो. चार दिवस होते. पण चैत्रालीला तसं सोडून जायची हिंमत नव्हती आणि न जाण्याचीही नव्हती. ताई म्हणाली ताप आहे, म्हणून मला ताप आहे असं धरता आलं. तिने मला सांगितलं नाही म्हणून मी चार वर्षं रागावलो, काका. खरं म्हणजे तिने सांगितलं नाही म्हणूनच मी सुटलो होतो."

प्रणिताला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या अंगातून रागाचा लोळ उठला. चार वर्षं. घासूनपुसून आलेले डबे, बिस्किटांचे पुडे, ती एकटी आरोपी. चाळीस दिवस ट्रेनमध्ये उभं राहून क्षमा मागत होती ती याची!

"तू वाचला होतास?" ती म्हणाली. "आणि मला म्हणालास, मी जेवत होतो तेव्हा तुला माहीत होतं?"

काकांचा हात वर गेला.

या वेळची शांतता लांबली. प्रणिता स्वतःच्या पावलांकडे बघत राहिली. राग आधी मोठा होता. मग त्याच्या आत तिला तो दिसला. चव्वेचाळिसाचा नव्हे, नऊचा, वडिलांना नेलं त्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरात पुस्तक उलटं धरून वाचत बसलेला. त्यालाही तेव्हा माहीत होतं. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं बाबा गावाला गेलेत, आणि तो बरं म्हणाला होता. माहीत नसल्यासारखं वागायला त्याला त्यांच्या घरानेच शिकवलं होतं. तीही त्यात होती.

काकांनी हात खाली घेतला. "कुणाला काय मागायचंय?"

"मला," रोहन म्हणाला. पहिल्यांदाच तो सरळ तिच्याकडे वळला. "ताई, मी तुझ्यावर सगळं ढकललं. मला माफ कर."

अठरा घरांना धीर देणारी बाई; तिच्याकडे कुणी असं काही मागितलं नव्हतं. देण्याची सवय नव्हती. "असू दे रे" म्हणून झटकून टाकणं तिच्या जिभेवर आलं होतं, पण झटकणं म्हणजे सोडणं नव्हे, हे काकांच्या नजरेत दिसलं.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "पण सोडलं. खरंच सोडलं." मग तिचा आवाज बारीक झाला. "रोहन, मी तुझ्याकडून आईची शेवटची भेट काढून घेतली. तुझ्या नावाने तिच्याशी खोटं बोलले. मला क्षमा कर."

चैत्रालीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

"ती किती मिनिटं थांबली म्हणालीस?"

"सहा."

"शेवटी काय म्हणाली?"

"काही नाही. नर्सने फोन वळवला तेव्हा हात हलवला. अच्छा केल्यासारखा."

रोहन रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज आत ओढून. प्रणिता उठून त्याच्याजवळ गेली नाही. या वेळी तिने सावरायला धावायचं नव्हतं एवढं तिला कळत होतं. तो थांबला, नाक पुसलं, आणि म्हणाला, "सोडलं, ताई."

"आणि आईकडे कोण मागणार?" ती म्हणाली. "ती तर..."

"आमच्या शेजारची ती म्हातारी," काका म्हणाले, "गेलेल्यांनाही खोलीत धरायची. आत्ता मागा. दोघांनीही. मोठ्याने."

दोघांनी मागितलं. रोहनने आधी, मग तिने. उत्तर आलं नाही. ते यायचं नव्हतंच, आणि तेवढं ओझं दोघांकडे राहणार होतं. पण आता ते एकाच्या डोक्यावर नव्हतं.

"संपलं," काका म्हणाले. "यापुढे तो फोन, तो मेसेज, तो डबा, कुणी काढायचं नाही. भांडणातही नाही. चिडून तर मुळीच नाही."

"काका," रोहनने विचारलं, "म्हणजे आईचंही नाव काढायचं नाही?"

"आईचं खुशाल काढा. ते चार दिवस काढू नका."

प्रबोधने पानं घेतली. वरण-भात, बटाट्याची भाजी, खालच्या हॉकर सेंटरमधून आणलेले गरम पराठे. इरा रोहनच्या मांडीवर बसून भाताचे गोळे करत होती. मोठ्यांची तोंडं सुजलेली पाहून तिने प्रत्येकाकडे आळीपाळीने निरखलं.

"पप्पा, हू इज आई? यू ऑल कीप सेइंग आई, आई."

रोहनचा हात ताटात थांबला. चार वर्षांच्या मुलीला तिची आजी कोण हे माहीत नव्हतं. आईचं नाव काढलं की बाकीचं निघेल म्हणून तिच्या घरी ते नाव निघतच नव्हतं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"तू सांग," तो म्हणाला.

प्रणिताने घास गिळला. "तुझी आजी ना इरा, पत्त्यांत लबाडी करायची. सगळ्या साताऱ्यात प्रसिद्ध होती. बदाम सातमध्ये राजा मांडीखाली लपवायची आणि..."

"ताई," रोहन म्हणाला, "नीट सांग. बदाम सात नव्हे, झब्बू. आणि मांडीखाली नाही, पदरात."